होमस्टेडवाल्या पूर्वजांचा शोध घेताय? या चुका टाळा

अमेरिकेत दोन-तीन पिढ्या काढलेल्या कित्येक मराठी घरांत आता नातवंडांचा वंशवृक्ष दोन खंडांत पसरलेला असतो. एका बाजूचं कुलवृत्तांतात सापडतं. दुसरी बाजू मात्र नेब्रास्का, कॅन्सस किंवा डकोटातल्या कुठल्याशा शेतकरी जोडप्यापाशी येऊन अडते. "त्यांना सरकारनं फुकट जमीन दिली होती," एवढंच सुनेच्या नाहीतर जावयाच्या घरी सांगितलं जातं. हे जोडपं शोधता येतं, आणि अनपेक्षित तपशिलांसह शोधता येतं. पण बहुतेक जण सुरुवात नावापासून करतात आणि तिथेच फसतात. माझं मत ठाम आहे: नाव मागे ठेवा, आधी जमीन शोधा. ग्रेट प्लेन्सच्या त्या मैदानांत माणसांची नावं बदलली, गावं नाहीशी झाली, काउंटीच्या सीमा सरकल्या. जमिनीच्या तुकड्याचं सरकारी वर्णन मात्र तेव्हा होतं तेच आज आहे.

आधी कायदा थोडक्यात. होमस्टेड कायद्यावर लिंकननं २० मे १८६२ रोजी सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. कुटुंबप्रमुख असलेल्या किंवा २१ वर्षं पूर्ण झालेल्या, नागरिक असलेल्या किंवा नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्या व्यक्तीला १६० एकरांपर्यंत सरकारी जमिनीवर दावा लावता येई. पाच वर्षं तिथे राहून, घर बांधून, जमीन कसून दाखवली की मालकी मिळे. १९१२ मध्ये ही मुदत तीन वर्षांवर आली. फी थोडी का होईना भरावी लागेच, आणि नांगर, बैल, बियाणं, विहीर हा सगळा खर्च वेगळा. त्यामुळे "फुकट" हा शब्द जपूनच वापरा.

सनद मिळाली की शोध थांबवणं

ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या अमेरिकी सरकारी जमीन खात्याच्या जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्स या साइटवर मालकीच्या सनदा, म्हणजे तिथल्या भाषेत 'पेटंट', विनामूल्य पाहता येतात. पणजोबांचं नाव असलेला सुंदर अक्षरातला कागद पडद्यावर येतो, आपण तो उतरवून घेतो, छापून भिंतीवर लावतो आणि काम झालं असं समजतो. पण सनदेत असतं काय? नाव, जमिनीचं वर्णन, एक तारीख आणि राष्ट्राध्यक्षांच्या नावानं कारकुनानं केलेली सही. आपल्याकडे नुसता सातबारा बघून जमीन घरात कशी आली ते कळत नाही, त्यासाठी फेरफार काढावे लागतात, तसंच हे आहे.

खरा ऐवज आहे 'लँड एंट्री केस फाइल'मध्ये. ती वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जकडे असते. तिच्यात मूळ अर्ज असतो, पैसे भरल्याच्या पावत्या असतात, वर्तमानपत्रातल्या नोटिशीचं कात्रण असतं, परदेशात जन्मलेल्यांच्या नागरिकत्वाच्या कागदांची नक्कल असते, आणि अखेरच्या पुराव्याच्या, म्हणजे अटी पुऱ्या केल्याचं दाखवून मालकी मागण्याच्या, वेळची दावेदाराची व दोन साक्षीदारांची जबानी असते. कुटुंबात माणसं किती, घर केवढं, किती एकर मोडले, काय पेरलं, किती काळ जमिनीपासून दूर होतात आणि का, असे प्रश्न विचारलेले असतात.

नेब्रास्कातल्या बिट्रिस गावाजवळचे डॅनियल फ्रीमन आणि अ‍ॅग्नेस हे या कायद्यातलं सर्वांत प्रसिद्ध जोडपं. त्यांच्या जमिनीवर आज होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क उभं आहे. फ्रीमन यांच्या पुराव्यात दोन शेजारी सांगतात: घर काही ओंडक्यांचं, काही फळ्यांचं, १४ बाय २० फूट, एक मजली, दोन दारं, दोन खिडक्या, सुमारे ३५ एकर नांगरून, कुंपण घालून लागवडीला आणलेले, एक तबेला, १०० फूट लांब मेंढ्यांची शेड, मक्याची कणगी, सफरचंदाची ४० झाडं आणि पीचची जवळपास ४००. कुटुंबात बायको आणि दोन मुलं. एवढं चित्र कुठल्याही सनदेत मिळणार नाही. तुमच्या जोडप्याच्या फाइलमध्येही याच जातीचा मजकूर असण्याची शक्यता भरपूर आहे.

फाइल मागवताना लोक कुठे अडतात तेही सांगते. १९०८ च्या मध्यापर्यंतच्या फाइली राज्य, स्थानिक लँड ऑफिस आणि तिथला अंतिम प्रमाणपत्राचा क्रमांक यांवर लावलेल्या आहेत. त्यानंतरच्या सनदेच्या देशव्यापी अनुक्रमांकावर. जुन्या फाइलसाठी नुसतं नाव आणि काउंटी कळवली तर मागणी परत येऊ शकते. लँड ऑफिसचं नाव आणि क्रमांक सनदेवरच छापलेला असतो, तो आधी टिपून घ्या. नेब्रास्काच्या होमस्टेड फाइली तर आता ऑनलाइनही पाहता येतात, त्यामुळे त्या राज्यातलं कुटुंब असेल तर आधी तिथे बघा.

जमिनीचं वर्णन वाचता न येणं

वर्णन साधारण असं दिसतं: सेक्शन २६, टाउनशिप ४ नॉर्थ, रेंज ५ ईस्ट, सहावी प्रिन्सिपल मेरिडियन. प्रिन्सिपल मेरिडियन म्हणजे मोजणीची उत्तर-दक्षिण आधाररेषा, आणि रेंज म्हणजे तिच्यापासून पूर्वेला किंवा पश्चिमेला कितवा चौकोन ते. टाउनशिप म्हणजे सहा मैल लांब, सहा मैल रुंद चौकोन. त्यात ३६ सेक्शन. एक सेक्शन म्हणजे एक चौरस मैल, ६४० एकर. त्याचा पाव भाग म्हणजे ते १६० एकर. नेब्रास्कात टाउनशिपचे आकडे कॅन्ससच्या सीमेपासून उत्तरेकडे मोजतात आणि त्याच सीमेपासून कॅन्ससमधले दक्षिणेकडे. रेंजपुढचं ईस्ट-वेस्ट चुकवलं तर माणूस दुसऱ्याच काउंटीत पोचतो, आणि तिथे त्याच आडनावाचं भलतंच कुटुंब भेटलं तर पुढचा सगळा वृक्ष चुकतो.

सेक्शनचा क्रमांक स्वतःच खूप काही बोलतो. रेल्वे कंपन्यांना लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना विषम क्रमांकाचे सेक्शन दिलेले होते. तुमच्या जोडप्याची जमीन अशा पट्ट्यात विषम सेक्शनमध्ये असेल, तर ती त्यांनी बहुधा रेल्वेकडून विकत घेतली. होमस्टेडच्या कागदांत ती सापडणारच नाही. सेक्शन १६ आणि ३६ शाळांसाठी राखलेले होते. अशा वेळी काउंटीच्या कचेरीतली खरेदीखतं पाहायची. रेल्वेच्या पट्ट्यात सम सेक्शनमध्येही १८७९ पर्यंत साधारण ८० एकरच मिळत. त्यामुळे "आमच्यांना अर्धीच का मिळाली?" असा प्रश्न पडला तर घाबरून जाऊ नका.

नावानं शोधून साइट काहीच दाखवत नसेल तर नावाची खिडकी रिकामी ठेवा आणि टाउनशिप, रेंज टाकून त्या चौकोनातल्या सगळ्या सनदा काढा. कारकुनानं आडनाव कसंही लिहिलेलं असू दे, यादीत ते डोळ्यांना दिसतं. शिवाय शेजारी दिसतात, आणि शेजाऱ्यांशिवाय हा शोध पुरा होत नाही. साक्षीदार म्हणून ज्यांची नावं आहेत ते पुष्कळदा मेहुणे, सासरे किंवा मायदेशातल्या त्याच गावचे लोक असतात.

सनद नाही म्हणजे ते तिथे नव्हतेच

असं मुळीच नाही. असंख्य दावे पुरे झाले नाहीत. टोळधाड, अवर्षण, आजारपण, कर्ज. कुणी हक्क सोडून दिला, कुणाचा दावा रद्द झाला. सनदांच्या साइटवर यांतलं काही दिसत नाही. ते दिसतं ट्रॅक्ट बुकांत: जमिनीच्या वर्णनानुसार लावलेली ही सरकारी खातेवही फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर विनामूल्य पाहता येते, आणि एकाच तुकड्यावर एकामागून एक कुणी कुणी दावा लावला ते तिच्यात ओळीनं मिळतं. रद्द झालेल्या दाव्यांच्याही फाइली असतात. अपयशी ठरलेल्या जोडप्याची फाइल वाचताना गळा दाटतो, पण घराण्याचा इतिहास तिथेही तितकाच आहे.

एक खास फसगत: साइटवर सनदेचा आधार म्हणून १८२० चा रोख विक्रीचा कायदा दिसतो आणि लोक म्हणतात, "मग हे होमस्टेडवाले नव्हतेच." पाच वर्षं थांबायचं नसेल तर किमान सहा महिने राहून, बहुधा एकरी सव्वा डॉलर भरून मालकी घेता येई, १८९१ पासून सहाऐवजी चौदा महिने. अशा सनदा रोख विक्रीतच नोंदल्या जात. उलट सनद पाच वर्षांच्या आतच, पैसे न भरता मिळाली असेल, तर पणजोबा यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात होते का ते बघा. १८७२ च्या कायद्यानं सैनिकांना नोकरीचा काळ मुदतीतून वजा करून मिळे.

बायकोला विसरणं

शोध जोडप्याचा म्हणायचा आणि वंशवृक्षात "अ‍ॅना, आडनाव अज्ञात" लिहून पुढे जायचं, हे मला पटत नाही. विवाहित बाईला सहसा स्वतःच्या नावानं दावा लावता येत नसे, म्हणून कागद नवऱ्याच्या नावे आहेत. पण अविवाहित, विधवा, घटस्फोटित आणि नवऱ्यानं टाकलेल्या स्त्रियांना लावता येई, आणि त्यांनी तो लावला. त्यामुळे तिच्या माहेरच्या नावानंही सनदा शोधा. लग्नाआधी तिचा स्वतःचा दावा असेल, तर अर्ज एका नावानं आणि अखेरचा पुरावा दुसऱ्या नावानं अशी फाइल मिळते आणि माहेर-सासर एकाच जागी जुळतं. नवरा मुदत संपण्याआधी गेला असेल तर सनद विधवेच्या किंवा वारसांच्या नावानं निघते.

फ्रीमन यांनी दावा लावला १ जानेवारी १८६३ ला आणि अ‍ॅग्नेस सूटरशी त्यांचं लग्न झालं १८६५ मध्ये, आयोवात. म्हणजे लग्नाची नोंद नेब्रास्कात शोधणारा रिकाम्या हातानं परतणार. दावा लावून पुरुष कित्येकदा मागे जाऊन लग्न करून आले. बायकोच्या माहेरच्या राज्यात बघा.

तिचं नागरिकत्वाचं कागदपत्र मिळत नाही म्हणून अडू नका. १८५५ पासून १९२२ पर्यंत परदेशी बायकोला नवऱ्यामागोमाग नागरिकत्व मिळे, वेगळा कागद बहुधा नसतोच. माहेरचं आडनाव मिळण्याच्या जागा वेगळ्या: चर्चच्या नोंदवह्या, मुलांचे मृत्यूदाखले, १९३६ पासूनचे मुलांचे सोशल सिक्युरिटीचे अर्ज, आणि सैनिकाची विधवा असेल तर पेन्शनची फाइल. त्या फाइलीत विवाहाचा पुरावा आणि मुलांच्या जन्मतारखा तिला द्याव्या लागत, म्हणून ती सोन्यासारखी आहे. १९०० आणि १९१० च्या जनगणनेत तिला किती मुलं झाली आणि किती हयात आहेत हे विचारलेलं आहे. त्या दोन आकड्यांमधला फरक दुर्लक्षू नका. ती मुलं कुठल्याच यादीत नसतात, ती शोधायची आईच्या बाजूनंच.

१८९० ची पोकळी आणि सरकत्या सीमा

१८८० ला नवविवाहित, १९०० ला सहा मुलं, मधे काही नाही. कारण १८९० ची जनगणना जवळजवळ सगळी गेली: जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये आग लागली आणि उरलेले कागद पुढे नष्ट करण्यात आले. ही पोकळी राज्यांच्या जनगणना भरून काढतात. नेब्रास्का आणि डकोटा टेरिटरीची १८८५ ची आहे, डकोटाची अपुरी. कॅन्ससची दर दहा वर्षांनी १९२५ पर्यंत, आणि तिच्यात १८७५ पासून "कॅन्ससला कुठून आलात?" असा रकाना आहे. शोध मागे न्यायला याहून सोपी पायरी नाही.

जन्माचा दाखला मिळत नाही म्हणून नाराज होण्यातही अर्थ नाही. नेब्रास्कात राज्यभर जन्ममृत्यूची नोंद १९०४ पासून, कॅन्ससमध्ये १९११ पासून. आणि कागदावर जन्मस्थळ नुसतं "डकोटा" असेल तर २ नोव्हेंबर १८८९ आधी उत्तर-दक्षिण असे दोन भागच नव्हते, हे लक्षात ठेवून दोन्ही राज्यांत शोधा.

देश आणि नाव यांवर अंधविश्वास

जनगणनेत जन्मदेश "रशिया" दिसला म्हणून रशियन वंश ठरवू नका. व्होल्गाकाठचे आणि काळ्या समुद्राजवळचे जर्मन शेतकरी १८७० च्या दशकापासून कॅन्सस आणि डकोटात आले. त्यांची मातृभाषा जर्मन. "ऑस्ट्रिया" लिहिलेली माणसं पुष्कळदा चेक असतात. नॉर्वेजियनांत एक भाऊ वडिलांच्या नावावरून आडनाव लावतो, दुसरा गावाकडच्या शेताच्या नावावरून, आणि दोघे शेजारी राहत असूनही आपण त्यांना परके समजतो. "एलिस आयलंडवर नाव बदललं" ही कथा सोडून द्या. प्रवाशांच्या याद्या निघण्याच्या बंदरातच तयार होत, आणि एलिस आयलंड हे न्यूयॉर्कचं स्थलांतरितांच्या तपासणीचं ठाणं १८९२ ला सुरू झालं. तुमचं जोडपं त्याआधी आलं असेल तर त्यांनी ते पाहिलंही नाही.

कॅन्ससमधल्या निकोडेमससारख्या, १८७७ मध्ये कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावातलं कुटुंब असेल तर अडथळा वेगळा आहे. गुलामगिरीतून सुटलेली बहुसंख्य माणसं जनगणनेत नावानिशी प्रथम दिसतात ती १८७० ला. त्यामागे जायला मुक्त झालेल्या गुलामांसाठी काढलेल्या फ्रीडमन्स ब्युरोचे आणि फ्रीडमन्स बँकेचे कागद लागतात.

"तिथे कुणी नव्हतं" असं लिहून टाकणं

घराण्याच्या इतिहासाची पहिली ओळ "ओसाड माळरानावर" अशी असते. ती खोटी आहे, आणि शोधालाही बाधते. बिट्रिस ज्या गेज काउंटीत आहे, तिथे ओटो-मिसुरिया या मूळनिवासी जमातीची राखीव जमीन बिग ब्लू नदीकाठी होती. पुढे त्यांना इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, हलवण्यात आलं आणि ती जमीन विकली गेली. त्या भागात शेत असलेल्या जोडप्याचे कागद साध्या होमस्टेडमध्ये शोधून मिळायचे नाहीत; ती विक्री वेगळ्या कायद्यानं झाली. दक्षिण डकोटातल्या ग्रेगरी काउंटीतली रोझबड राखीव क्षेत्राची जमीन १९०४ मध्ये सोडत काढून वाटली गेली, तिथल्या लकोटा जमातीकडून घेऊन. म्हणून ट्रॅक्ट बुकातल्या नोंदीजवळ एखाद्या जमातीचं किंवा राखीव क्षेत्राचं नाव दिसलं, तर ते तसंच उतरवून घ्या. त्या जमिनीचा पुढचा कागद कोणत्या कायद्याखाली निघाला ते त्यावरून कळतं, आणि आधी तिथे राहणाऱ्यांचं नाव तुमच्या पानावर लिहायचं राहत नाही.