गॅस्ट्रिक बँडसोबत जगताना या चुका टाळा

वजन कमी करण्यासाठी जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचा बँड बसवण्याची शस्त्रक्रिया आता बरीच मागे पडली आहे. हवा तसा सैल किंवा घट्ट करता येणारा बँड दुर्बिणीतून बसवण्यास बेल्जियममध्ये १९९३ साली सुरुवात झाली, अमेरिकेच्या एफडीए या औषधे व वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने अशा बँडला २००१ साली मान्यता दिली आणि त्यानंतर काही वर्षे त्याचा बोलबाला होता. पुढे स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणे) आणि बायपास (जठराचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडणे) या शस्त्रक्रियांनी त्याची जागा घेतली. मात्र ज्यांच्या पोटात बँड आहे त्यांना रोज तीन वेळा जेवायचे असते, लोकल पकडायची असते आणि गणपतीत पाहुण्यांच्या पंगतीलाही बसायचे असते. ठाण्यात किंवा वाशी-नेरुळकडे राहणाऱ्या अशा एखाद्या गृहस्थाचे मूळ सर्जन निवृत्त झालेले असले, तर घराजवळच्या दवाखान्यात पोर्ट म्हणजे काय हे त्यांना स्वतःच समजावून सांगावे लागते. हा लेख प्रामुख्याने अशांसाठी आहे.

बँडची रचना थोडक्यात अशी. बँडच्या आतल्या बाजूस एक फुगा असतो, त्यातून निघालेली बारीक नळी पोटाच्या त्वचेखाली बसवलेल्या पोर्टला जोडलेली असते आणि त्या पोर्टमध्ये खास सुईने सलाईन भरले की फुगा फुगतो व बँड घट्ट होतो. सलाईन काढले की तो सैल होतो. बँडच्या वर जठराचा जेमतेम १५ ते ३० मिली मावेल एवढा भाग उरतो. हा छोटा कप्पा गच्च भरला म्हणजे पोट भरले, अशी अनेकांची समजूत असते आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. प्रत्यक्षात अन्न त्या कप्प्यात साठून राहणे अपेक्षितच नाही. नीट चावलेला छोटा घास अन्ननलिकेच्या काही आकुंचनांनी, सुमारे मिनिटभरात, बँडमधून खाली उतरावा आणि तो उतरताना तेथील मज्जातंतूंवर पडणाऱ्या हलक्या दाबामुळे भूक शमल्याचा संदेश मेंदूकडे जावा, हे बँडचे काम आहे.

बँड जितका घट्ट तितके वजन लवकर उतरेल, असे मानणे

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच आहे. दोन आठवडे वजनाचा काटा हलला नाही की सर्जनकडे जाऊन ‘डॉक्टर, अजून थोडे टाईट करा’ असा आग्रह धरला जातो, आणि तो मान्य झाल्यावर पुढच्या महिन्यात वजन उतरण्याऐवजी वाढलेले दिसते. याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. बँड गरजेपेक्षा घट्ट झाला की भाकरी, उसळ, कोशिंबीर, मासळी असे चावून खाण्याचे पदार्थ उतरत नाहीत, अडकतात आणि दुखते. मात्र आइस्क्रीम, श्रीखंड, बासुंदी, उसाचा रस, मिल्कशेक किंवा चहात बुडवलेली बिस्किटे विनासायास उतरतात. दुखणाऱ्या गोष्टी टाळून न दुखणाऱ्या गोष्टींकडे वळणे हा माणसाचा स्वभाव आहे, त्यात इच्छाशक्तीचा दोष शोधण्यात अर्थ नाही. दिवसभरात ‘काहीच खाल्ले नाही’ असे सांगणाऱ्या व्यक्तीच्या पोटात अशा रीतीने भरपूर साखर गेलेली असते, प्रथिने मात्र नावालाही नसतात.

सर्जन रुग्णांना समजावताना बँडच्या घट्टपणाचे तीन टप्पे सांगतात. पिवळ्या टप्प्यात बँड सैल असतो, दोन जेवणांच्या मध्ये भूक लागते आणि ताटभर अन्न सहज जाते. येथे सलाईन वाढवणे योग्य ठरते. हिरव्या टप्प्यात थोड्या जेवणाने समाधान होते, ते काही तास टिकते आणि वजन हळूहळू उतरत राहते. लाल टप्प्यात घास अडकतात, उलट्या होतात, जळजळ होते, झोपेत घशाशी पाणी येते आणि रात्री खोकल्याने जाग येते. रात्रीचा हा खोकला अनेकजण ठाण्याच्या धुळीवर किंवा पावसाळ्यातील दमटपणावर ढकलतात. बँड असलेल्या व्यक्तीला आडवे झाल्यावर खोकला येत असेल, तर खोकल्याचे औषध घेण्याआधी बँड तपासून घ्यावा, कारण अन्ननलिकेत साचलेले अन्न व पाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनियादेखील होऊ शकतो. दीर्घकाळ लाल टप्प्यात राहिल्यास अन्ननलिका ताणून रुंदावते आणि बँडवरचा कप्पाही फुगतो.

अशा वेळी बँड सैल करून घेणे म्हणजे माघार नव्हे. अर्धा मिली सलाईन काढल्यावर पुन्हा डाळ-भाजी खाता येऊ लागली आणि त्यानंतर वजन उतरू लागले, असे घडू शकते. आठवड्याला सरासरी अर्धा ते एक किलो हा बँडचा चांगला वेग आहे. स्लीव्ह किंवा बायपास झालेल्या नातेवाईकाशी तुलना करून त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

सलाईन भरून घेण्याच्या वेळेबद्दल एक सूचना. गणपतीसाठी कोकणात निघण्याच्या आदल्या आठवड्यात, परदेशी मुलाकडे जाण्याआधी किंवा लांब ट्रेकच्या तोंडावर बँड घट्ट करून घेऊ नये. घट्टपणा पूर्णपणे जाणवायला काही दिवस लागू शकतात, आणि गावच्या घरी पाण्याचा घोटही उतरेनासा झाला तर बँड सैल करणारे कोणी जवळपास सापडणार नाही. भरून झाल्यावर दवाखान्यातच सरळ बसून ग्लासभर पाणी सावकाश पिऊन पाहावे, ते व्यवस्थित उतरल्याशिवाय निघू नये आणि पुढचे एक-दोन दिवस पातळ आहारावर राहावे.

घाईत जेवणे आणि जेवताना पाणी पिणे

आपल्याकडे दिवसाची लय लोकलच्या वेळापत्रकाने ठरते, आणि बँडला ही लय मुळीच मानवत नाही. अनेकांना सकाळी बँड अधिक घट्ट वाटतो. त्याच वेळी ट्रान्स हार्बरची गाडी गाठण्यासाठी उभ्या उभ्या पोळीचा रोल कोंबला जातो आणि तो छातीत अडकतो. सकाळी लवकर निघणाऱ्यांनी आधी कोमट पेय घ्यावे, त्यानंतर मुगाचे कढण, दही किंवा मऊ उकडलेले अंडे असे काही खावे आणि चावून खाण्याचा मुख्य आहार दुपारसाठी राखून ठेवावा. घास नखाएवढा असावा, तो पूर्ण बारीक होईपर्यंत चावावा आणि आधीचा घास उतरल्याशिवाय पुढचा उचलू नये. जेवण साधारण वीस मिनिटांत आटोपावे. तासभर चघळत बसल्यासही जास्त खाल्ले जाते.

जेवताना पाणी पिण्याची सवय मोडणे आपल्याला सर्वांत जड जाते, कारण ताटाशेजारी तांब्या-भांडे नसेल तर पान वाढले असे वाटत नाही. घास अडल्यासारखा वाटला की हात आपोआप भांड्याकडे जातो. पण बँडने अडलेल्या अन्नावर पाणी ओतल्यास ते वर साचते, दाब वाढतो आणि उलटी होते. जेवणानंतर किमान अर्धा तास थांबावे आणि मग दिवसभरात घोटाघोटाने भरपूर पाणी प्यावे. सोडा आणि कोल्ड्रिंक्स टाळावीत.

पदार्थांबाबत प्रत्येकाचा अनुभव वेगळा असतो, तरी काही गोष्टी हमखास त्रास देतात. ताजा मऊ पाव चावल्यावर गोळा होतो आणि तोच अडकतो, त्यामुळे मिसळ खायची झाल्यास पाव बाजूला ठेवून मटकीच खावी. ठाण्याच्या प्रसिद्ध मामलेदार मिसळीची तर्री सोसेल की नाही हा ज्याच्या-त्याच्या जळजळीचा प्रश्न आहे. चिकट गिजगा भात, वातड मटण, कोरडी चिकन ब्रेस्ट, ओले खोबरे, शेवग्याच्या शेंगेचे धागे आणि संत्र्याच्या फोडीची साल यांचाही त्रास होतो. ताज्या गरम पोळीपेक्षा पातळ, कडक फुलका किंवा ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा बरा पडतो. मांसाहार करणाऱ्यांना कोळीवाड्याच्या बाजारातील ओले बोंबील, रावस, पापलेट अशी मऊ मासळी हा उत्तम आधार आहे. रस्सा पातळ ठेवावा आणि काटे काळजीपूर्वक काढावेत.

प्रथिने रोज किमान साठ ग्रॅम मिळावीत, असा सल्ला साधारणपणे दिला जातो. एका अंड्यातून सहा ग्रॅमच्या आसपास आणि वाटीभर शिजलेल्या वरणातून त्याहून किंचित जास्त मिळते, हे लक्षात घेतले तर शाकाहारी माणसाला केवळ वरण-भातावर हे गाठता येणार नाही हे उघड आहे. म्हणून ताटातील पनीर, टोफू, दही, उसळ हा भाग आधी खावा आणि पोळी-भात जागा उरल्यास खावा. बँडमुळे जीवनसत्त्वांचे शोषण कमी होत नाही, पण आहारच कमी झाल्याने उणीव राहते. बी-१२, लोह आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी दरवर्षी करून घ्यावी.

उलटी होणे साहजिक आहे असे समजणे

क्वचित, घाईत खाल्ल्यामुळे झालेली उलटी समजण्यासारखी आहे. आठवड्यातून अनेकदा होणारी उलटी मात्र धोक्याची आहे, कारण उलटीच्या जोराने जठराचा खालचा भाग बँडमधून वर सरकू शकतो. यालाच बँड घसरणे म्हणतात. दीर्घकाळ उलट्या होत राहिल्यास बी-१ जीवनसत्त्व कमी पडते आणि त्यातून चालताना तोल जाणे, दृष्टीत बदल होणे, गोंधळल्यासारखे होणे अशी मज्जासंस्थेची गंभीर लक्षणे दिसू शकतात. घास अडकल्यास खाणे त्वरित थांबवावे, उठून सावकाश फेऱ्या माराव्यात आणि तो सुटण्याची वाट पाहावी. पाणी, सोडा, घशात बोटे घालणे आणि शेजारच्या काकूंनी सुचवलेला पपईचा चीक यांपैकी काहीही करू नये. नंतर दिवसभर पातळ आहारच घ्यावा, कारण आतून आलेली सूज उतरायला वेळ लागतो आणि त्यावर लगेच जेवल्यास पुन्हा अडकते.

थुंकीदेखील गिळता येत नसेल, पोटात सतत तीव्र कळा येत असतील, उलटीत रक्त दिसले किंवा शौचास काळी झाली, तर दुसऱ्या दिवसाची अपॉइंटमेंट न घेता थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. पावसाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ आली असताना बँड असलेल्या व्यक्तीने सर्जनला लवकर कळवून गरज पडल्यास बँड तात्पुरता सैल करून घ्यावा.

पोर्ट, कागदपत्रे आणि औषधे यांकडे दुर्लक्ष

पोर्टमध्ये नेहमीच्या इंजेक्शनची सुई खुपसू देऊ नये. त्यासाठी ह्यूबर सुई वापरतात, साध्या सुईने पोर्टच्या पडद्याला छिद्र राहून सलाईन गळू लागते. काहीही कारण नसताना अचानक पूर्वीसारखे जेवण जाऊ लागले तर गळतीची शंका घ्यावी. सर्जन पोर्टमधून सलाईन काढून नोंदीशी ताडून पाहतात आणि कमी भरले तर उत्तर मिळते. ही नोंद तुमच्याजवळ असणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. बँडची कंपनी व प्रकार, त्याची क्षमता (प्रकारानुसार ती ४ ते १४ मिलीपर्यंत असते), सध्या भरलेले सलाईन आणि शेवटच्या बदलाची तारीख एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवावी, तिचा फोटो घरच्यांच्या मोबाईलमध्येही असावा. एमआरआय, एंडोस्कोपी किंवा भूल देऊन होणाऱ्या कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी हे कार्ड दाखवावे.

शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच काळाने पोर्टजवळची त्वचा लाल होऊन दुखू लागली, तर केवळ अँटिबायोटिकचा कोर्स करून विषय संपवू नये. बँड जठराच्या भिंतीतून आत रुतत असल्याचे ते पहिले चिन्ह असू शकते, आणि त्याचे निदान एंडोस्कोपीनेच होते.

गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या जठराला इजा करतात, त्या टाळाव्यात. मोठ्या गोळ्या अडकू शकतात, पण सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात. फार्मासिस्टला विचारूनच निर्णय घ्यावा. मधुमेह व रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी आहार कमी होताच मात्रा तपासून घ्यावी, नाहीतर साखर एकाएकी उतरून गाडीत चक्कर येते. गर्भधारणा शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने लांबवावी, आणि दिवस राहिल्यास प्रसूतीतज्ज्ञ व बँडचे सर्जन या दोघांनाही त्वरित कळवावे, कारण उलट्यांच्या काळात बँड सैल करावा लागू शकतो.

घरच्यांपासून लपवणे

‘ऑपरेशन करून बारीक झाली’ हे ऐकावे लागू नये म्हणून अनेक स्त्रिया सासरी काहीच सांगत नाहीत. मग हळदीकुंकवाला किंवा गौरीच्या जेवणात आग्रहाचा लाडू नाकारता येत नाही, तो अडकतो आणि न्हाणीघरात जाऊन उलटी काढावी लागते. सगळ्या गावाला सांगण्याची गरज नाही, परंतु स्वयंपाकघरात वावरणाऱ्या एका तरी व्यक्तीला, मग त्या सासूबाई असोत वा जाऊबाई, सर्व माहिती असावी. पंगतीत ‘पोटाच्या त्रासामुळे डॉक्टरांनी कमी खायला सांगितले आहे’ एवढे उत्तर पुरते आणि ते खरेही असते.

व्यायामाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. उपवन किंवा कचराळी तलावाभोवती, अथवा वाशीच्या सागर विहारला रोज चालणे, आणि स्नायू टिकवण्यासाठी आठवड्यातून दोनदा हलके वजन उचलणे, एवढे पुष्कळ झाले.

बँड काढावा लागणे म्हणजे अपयश असे मानणे

अनेक बँड काही वर्षांनंतर काढावे लागतात. घसरणे, रुतणे, अन्ननलिका रुंदावणे किंवा अपेक्षेप्रमाणे वजन न उतरणे ही त्याची कारणे असतात. यात रुग्णाचा आळस शोधणाऱ्या नातेवाइकांकडे दुर्लक्ष करावे. मात्र काढण्याचा सल्ला मिळाल्यावर ‘एकदा निघू दे, मग पाहू’ असे म्हणणेही चुकीचे आहे, कारण बँड निघताच भूक परत येते आणि उतरलेले वजन बहुधा पुन्हा चढते. त्यामुळे पुढे स्लीव्ह किंवा बायपास करायचे की नाही, ते त्याच शस्त्रक्रियेत शक्य आहे की काही महिन्यांच्या अंतराने करावे लागेल, हे सर्जनला आधीच विचारावे. बँड जठरात रुतलेला असेल तर जखम भरून येईपर्यंत साधारणपणे थांबावे लागते, आणि त्या मधल्या महिन्यांसाठीचा आहार आहारतज्ज्ञाकडून बँड काढण्यापूर्वीच लिहून घ्यावा.