हायाबुसाचे डिकल, एका रेडियमवाल्याच्या हातून

महिन्यातून एखादा पोरगा दुकानात येतोच. पल्सरच्या टाकीवर 'हायाबुसाचं ते चिनी अक्षर' मारून द्या म्हणतो. शब्द जपानी आहे, अर्थ बहिरी ससाणा, आणि बाईक निघायच्या कितीतरी आधी दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराच्या नाकाजिमा कि-43 विमानाला हेच नाव होतं, हे सांगणं मी आता सोडलंय. कापून देतो, पैसे घेतो.

रात्री शटर ओढल्यावर मात्र टेबलावर खरा हायाबुसा असतो, म्हणजे त्या विमानाचं 1/48 मापाचं, सुटे भाग जोडून करायचं मॉडेल. किटमधल्या डिकलऐवजी वेगळी शीट मागवून लावायची असेल, तर मी काय करतो ते सांगतो. सांगलीत वीस वर्षं रेडियम कापतोय, पण पहिल्या शीटची वाट मीच लावली होती. हात स्टिकरला सरावलेला. स्टिकरला स्वतःचा गोंद असतो, दाबलं की बसतो. डिकल ही पाण्यावर सरकणारी कांद्याच्या पापुद्र्यासारखी फिल्म. दाबली की फाटते.

आधी खरेदी. झेकमधली रायझिंग डिकल्स जपानी विमानांसाठी नावाजलेली, आणि जपानमधली लाइफलाइक डिकल्स माहितीपत्रकासाठीसुद्धा घेण्यासारखी. पण नाव बघून पैसे टाकू नका. आधी तुमच्या किटचा नाकावरचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, बघा. कि-43 च्या पहिल्या प्रकाराला दोन पात्यांचा पंखा, दुसऱ्या प्रकाराला तीन पात्यांचा. विमानाच्या पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबीही वेगळी, पहिल्याची 11.44 मीटर, दुसऱ्याची 10.84. म्हणजे 1/48 मध्ये साधारण 12 मिलिमीटरचा फरक. शीट एका प्रकाराची आणि किट दुसऱ्याचं, असं झालं की कितीही छान लावा, विमान खोटंच दिसणार.

दुसरी गोष्ट लाल गोळ्याची, म्हणजे हिनोमारूची. 1942 च्या सुमाराचे लष्करी हायाबुसा बघा, बऱ्याच विमानांच्या अंगावर, बाजूला, गोळा नाहीच. फक्त पंखांवर. शीटवर सहा गोळे छापलेत म्हणून सहाही लावायचे असं नसतं. ज्या विमानाचं मॉडेल करताय त्याचा फोटो मिळत असेल तर तो शीटच्या वर ठेवा. पत्रक आणि फोटो यांचं भांडण झालं तर मी फोटोच्या बाजूने.

आता माझं ठाम मत. गोळे रंगवा, डिकल लावू नका. डिकलचा लाल बहुतेक वेळा शेंदरी वाटतो. मला हवा असतो कुंकवाकडे झुकणारा, जरा गडद. शिवाय हिरव्या रंगावर पातळ लाल छापला की खालचा हिरवा डोकावतो. माझ्याकडे कटिंग प्लॉटर आहे, त्यामुळे शीटवरच्या गोळ्याचा व्यास व्हर्नियरने मोजतो आणि कमी चिकट मास्किंग फिल्ममध्ये तेवढंच भोक कापतो. प्लॉटर नसेल तर कंपासमध्ये ब्लेड अडकवून मास्किंग टेपवर कापलं तरी चालतं, फक्त मधल्या टोकाच्या भोकावर टेपचा तुकडा लावायला विसरू नका. आधी पांढरा, मग लाल, दोन्ही पातळ थरांत. मास्क रंग पूर्ण कडक व्हायच्या आत आणि अंगाला घासत, उलटा दुमडून ओढायचा. वर उचललात तर कडेला रंगाची भिंत उभी राहते. ही एक गोष्ट मात्र दुकानातूनच शिकलो.

मग शीट कशाला? शेपटीसाठी. मी केलेलं विमान ब्रह्मदेशातल्या 50 व्या सेन्ताईचं, म्हणजे रेजिमेंटचं. वैमानिक अनाबुकी सातोशी. या तुकडीच्या विमानांवर लांब वीज रंगवलेली असे आणि शेपटीच्या उभ्या रडरवर विमानाचं नाव. अनाबुकीच्या विमानाचं नाव 'फुबुकी', म्हणजे हिमवादळ. दोन अक्षरं, एकाखाली एक. एवढी बारीक अक्षरं हाताने रंगवणं माझ्या बसचं नाही.

डिकलआधी ग्लॉस क्लिअर, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर, हवाच. मॅट रंग जवळून सँडपेपरसारखा असतो, खड्ड्यांत हवा अडकते आणि फिल्मखाली चंदेरी डाग दिसतात. ग्लॉस एक दिवस वाळू द्या, पावसाळ्यात दोन. प्रत्येक तुकडा छापील भागाच्या अगदी जवळून नव्या ब्लेडने कापा. जुन्या आल्प्स प्रिंटरवर छापलेल्या शीटवर तर अख्ख्या कागदावर एकच सलग फिल्म असते, तिथे कापल्याशिवाय गत्यंतर नाही.

पाणी कोमट घ्या, पण बोअरचं नको. क्षारांचे पांढरे ठिपके वाळल्यावर दिसतात. मी बॅटरीत घालायचं पाणी वापरतो. वीस सेकंद बुडवा, बाहेर काढून टिश्यूवर ठेवा आणि मिनिटभर हात मांडीवर ठेवा. बोटाने हलकेच ढकलल्यावर सरकली तरच उचला. जागेवर आधी मायक्रो सेट या डिकल बसवायच्या द्रावणाचा थेंब, त्यावर डिकल, ओल्या ब्रशने सरकवून रेषा जुळवा, मधून कडेकडे पाणी टिपा. मग वरून मायक्रो सोल, हे फिल्म मऊ करणारं द्रावण. पाच मिनिटांत विजेला उकळलेल्या दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतील. घाबरून हात लावाल तर संपलं. तिथून उठा, चहा करा. वाळताना ती आपोआप ताणून पत्र्याच्या जोडांत बसते. कुठे चंदेरी उरलंच तर सुईने चार टोचण्या आणि परत सोल. शीटच्या कोपऱ्यावरच्या कंपनीच्या नावावर हे द्रावण आधी लावून बघा, काही शाई विरघळते.

अक्षरांची दिशा लावायच्या आधी तपासा. मी 'फुबुकी' उलटं लावून महिनाभर कपाटात मिरवलं. जपानी शिकणाऱ्या भाचीने बघितलं आणि म्हणाली, "मामा, तुझं वादळ डोक्यावर उभं आहे." तेव्हापासून खूण पाठ आहे: वरच्या अक्षरात छोटा चौकोन असतो, तो डावीकडेच यायला हवा.

उरलेली शीट बटर पेपरमध्ये, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट, घट्ट डब्यात. पिवळी पडलेली शीट झिप पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आठवडाभर चिकटवा, बरीच पांढरी होते. आमच्याकडे त्यासाठी मार्च ते मे. जूनमध्ये खिडकीला लावलेली एक शीट अजून पिवळीच आहे.