डिझेल की पेट्रोल: इंजिनाचा भरवसा कसा जोखावा

गाडी घेण्याचा विचार सुरू झाला की "डिझेल जास्त टिकते की पेट्रोल?" हा प्रश्न हमखास निघतो आणि त्याचे उत्तर देणारेही ते मोठ्या ठामपणे देतात; पण या एका प्रश्नात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात. इंजिन उघडून त्याचे मोठे काम काढावे लागेपर्यंत ते किती किलोमीटर चालते, हा टिकाऊपणाचा प्रश्न झाला. मधल्या काळात ते आपल्याला किती वेळा गॅरेजची वाट धरायला लावते, हा भरवशाचा प्रश्न आहे. एखादे इंजिन पहिल्या कसोटीला पुरेपूर उतरून दुसऱ्या कसोटीत सपशेल नापास होऊ शकते, आणि आजच्या कित्येक डिझेल इंजिनांची गत नेमकी तशी आहे: ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ठोकळा) आणि क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा) धडधाकट, पण भोवतीची यंत्रणा नाजूक.

डिझेलची ख्याती उगाच झालेली नाही. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे यशस्वीपणे चालले, तेव्हापासून त्याचे तत्त्व तेच आहे. त्यात स्पार्क प्लग नसतो. नुसती हवा इतकी दाबली जाते की ती ५०० अंश सेल्सियसच्या पुढे तापते आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेटते. पेट्रोल इंजिनात कंप्रेशनचे प्रमाण (आतली हवा किती पटीने दाबली जाते ते) साधारण १० ते १२ असते, तर जुन्या डिझेल इंजिनांत ते २० ते २२ असे. एवढा दाब सोसायचा म्हणून ब्लॉक, क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड सारे भरभक्कम करावे लागे. शिवाय पेट्रोल इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या पुढे जाते तिथे डिझेल ४५०० च्या आसपास थांबते, त्यामुळे पिस्टन आणि लायनर (सिलिंडरची आतली भिंत) यांची झीजही सावकाश होते. पंप यांत्रिक, विजेचा संबंध नाममात्र, बिघडण्यासारख्या गोष्टी मोजक्या. डिझेल म्हणजे न मरणारे इंजिन, ही समजूत त्या काळातली आहे आणि त्या काळापुरती ती खरीच होती.

पुढे यंत्र बदलले, समजूत मात्र तशीच राहिली. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या गाडीत कॉमन रेल पद्धत (सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन पुरवणारी) आली, तेव्हा इंधनाचा दाब सुमारे १३५० बार होता; एक बार म्हणजे जवळपास हवेचा नेहमीचा दाब. आज तो २००० बारच्या पुढे गेला आहे. इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरच्या नोझलची भोके केसाच्या जाडीच्या आसपासची असतात आणि पंपाचे भाग एकमेकांवर इतके घट्ट बसवलेले असतात की डिझेलमधले थोडेसे पाणी किंवा बारीक कचरादेखील त्यांना पुरतो. त्याच सुमारास टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) सार्वत्रिक झाला, धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह आला, नंतर काजळी अडवणारा फिल्टर म्हणजे डीपीएफ आला आणि कित्येक गाड्यांत युरियाचे द्रावण फवारणारी यंत्रणाही बसली. इंजिन तेच राहिले, पण त्याच्याभोवती एक छोटासा रासायनिक कारखाना उभा राहिला.

या कारखान्यात डीपीएफ समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे, कारण डिझेल तुमच्यासाठी आहे की नाही याचा निकाल बहुतेक वेळा तोच देतो. धुरातली काजळी या फिल्टरमध्ये साठत जाते आणि काही शे किलोमीटरनंतर ती जाळून टाकावी लागते. त्यासाठी फिल्टरचे तापमान ६०० अंशांच्या घरात न्यावे लागते, म्हणून इंजिन थोडे जास्तीचे डिझेल उशिरा फवारून सायलेन्सरकडे जाणारा धूर तापवते. गाडी सलग पंधरा-वीस मिनिटे चांगल्या वेगाने चालत राहिली तर हे काम चालकाच्या नकळत उरकते. पण रोजचा प्रवास चार किलोमीटर जायचे आणि चार किलोमीटर यायचे असा असेल, तर जाळण्याचे काम दरवेळी अर्धवट सुटते, काजळी वाढत जाते आणि उशिरा फवारलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. माझ्या एका गाडीत मी हे पाहिले आहे: डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी) बाहेर काढली तर ऑइल कमी होण्याऐवजी वरच्या खुणेच्याही वर आलेले, बोटांवर पाण्यासारखे पातळ लागत होते आणि त्याला डिझेलचा स्पष्ट वास येत होता. असे ऑइल बेअरिंग आणि टर्बोचे संरक्षण करू शकत नाही. म्हणजे फिल्टरच्या दुखण्याने शेवटी धडधाकट इंजिनालाही धरले. ऑइल वाढलेले दिसले तर "बरे झाले, कमी तर नाही" असे समजू नये, ते लगेच बदलावे.

पेट्रोलच्या बाजूलाही एकच एक इंजिन नाही. टर्बो नसलेले, इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) तीन-चार बार दाबाने पेट्रोल फवारणारे साधे इंजिन हे भरवशाच्या बाबतीत आजही सर्वांत बिनधोक आहे, असे माझे मत आहे. त्याचा पिकअप बेताचा असतो, पण बिघडायचे म्हणजे स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, एखादा सेन्सर; गाडी मिसिंग करू लागते, भाग बदलला की विषय संपतो. लहान आकाराचे, टर्बो लावलेले आणि थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारे पेट्रोल इंजिन मात्र स्वभावाने डिझेलच्या जवळ गेले आहे. त्यातही उच्च दाबाचा पंप असतो, टर्बोला डिझेलपेक्षाही जास्त तापलेला धूर सोसावा लागतो आणि इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोलचा फवारा न पडल्यामुळे ते धुतले जात नाहीत, त्यांच्यावर कार्बनचा थर चढतो. म्हणून "पेट्रोल आहे, म्हणजे कटकट नाही" हे वाक्य ऐकले की कोणते पेट्रोल इंजिन, हे विचारावे.

यावरून तुलनेची रीत ठरते. आधी दोन आठवडे वहीत प्रत्येक फेरीची नोंद करावी: किती किलोमीटर, किती मिनिटे, इंजिन थंड असताना सुरू केले की गरम, आणि मोकळ्या रस्त्यावर सलग किती वेळ चालले. अंदाजाने सांगितलेला वापर आणि वहीतला वापर यांत किती अंतर असते, ते पाहून आश्चर्य वाटते. बहुतेक फेऱ्या दहा किलोमीटरच्या आत असतील आणि आठवड्यातून एकदाही वीस-तीस मिनिटांचा सलग प्रवास होत नसेल, तर डीपीएफ असलेले डिझेल घेऊ नये, मग ते कितीही नामांकित असो. डिझेल इंजिन कमी उष्णता वाया घालवते, म्हणूनच ते गरम व्हायलाही वेळ घेते, आणि अशा फेऱ्यांत ते कधीच पुरते गरम होत नाही. उलट रोजचा लांबचा पल्ला असेल, ओझे असेल, चढण असेल, तर डिझेलला बिघडायला कारणच कमी मिळते.

वापर ठरल्यावर एकाच पिढीतली इंजिने समोरासमोर ठेवावीत. वीस वर्षांपूर्वीच्या डिझेलची कीर्ती आणि आजच्या पेट्रोलच्या तक्रारी यांची तुलना निरर्थक आहे. गाडीच्या नावापेक्षा इंजिनाचा कोड पाहावा, कारण एकच इंजिन अनेक गाड्यांत असते आणि एकाच गाडीत अनेक इंजिने मिळतात. टायमिंग बेल्ट (क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणारा पट्टा) आहे की चेन, बेल्ट असेल तर तो किती किलोमीटरला आणि किती वर्षांनी बदलायचा, हे मॅन्युअलमध्ये स्वतः वाचावे. बेल्ट तुटला तर डिझेलमध्ये पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळणे जवळजवळ ठरलेले असते, आणि आजच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांतही तेच होते.

गाडी वापरलेली असेल तर ती थंड असतानाच पाहायला जावे आणि पोहोचताच बॉनेटवर हात ठेवावा. ते कोमट लागले तर विकणाऱ्याने ती आधीच सुरू करून ठेवली आहे आणि सर्वांत बोलकी परीक्षा तुमच्या हातून गेली आहे. थंड डिझेल सुरू होताना थरथरले आणि न जळलेल्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर निघाला, तर हीटर प्लग (थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणारा), इंजेक्टर किंवा कंप्रेशन यांपैकी काहीतरी गेलेले असते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, आणि इंजिन गरम झाल्यावरही गोडसर वासाची दाट पांढरी वाफ येत राहिली तर कूलंट आत शिरते आहे. या दोन खुणा दोन्ही प्रकारांना सारख्याच लागू पडतात. डिझेलचे ऑइल काळे दिसले म्हणून घाबरू नये, ते बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडावे: किंचित वाफ चालते, पण फुसफुस करत धूर बाहेर येत असेल तर पिस्टन रिंगा झिजल्या आहेत. डीपीएफ असलेल्या डिझेलच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून पाहावे. तिथे दाट काजळी लागली, तर फिल्टर फुटला आहे किंवा कोणीतरी तो काढून टाकला आहे.

मग गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारा स्कॅनर लावावा. डिझेलमध्ये फिल्टरमधली काजळी, ती शेवटची कधी जळली आणि प्रत्येक इंजेक्टरची दुरुस्तीमात्रा (संगणक त्याचे इंधन किती कमीजास्त करतो तो आकडा) पाहावी. चारांपैकी एकाचा आकडा इतरांपासून फटकून असेल तर तो इंजेक्टर लवकरच खर्च काढणार. पेट्रोलमध्ये मिसफायरची (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याची) संख्या आणि इंधनाचे समायोजन (संगणक नेहमीपेक्षा किती कमीजास्त पेट्रोल देतो ते) पाहावे. बिघाडाचा एकही कोड नसणे ही नेहमीच चांगली बातमी नसते. संगणकाच्या स्वयंतपासण्या अपूर्ण दिसत असतील तर पाटी, म्हणजे जुने कोड, नुकतीच पुसलेली असते, आणि अशा वेळी शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करू देण्याचा आग्रह धरावा.

घरात दोन्ही इंधनांच्या गाड्या असतील तर एक जोखीम डिझेलकडे जास्त आहे, ती म्हणजे टाकीत चुकून पेट्रोल पडणे. उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचेच मिळते. पेट्रोलने ते धुतले की धातूवर धातू घासतो आणि त्याचा चुरा थेट इंजेक्टरपर्यंत जातो. असे झाले तर किल्ली "ऑन"लासुद्धा फिरवू नये, कारण तेवढ्यानेही टाकीतला पंप इंधन पुढे ढकलू लागतो; गाडी ढकलत बाजूला न्यावी आणि टाकी रिकामी करून घ्यावी.