अमेरिकेत मुलांचा समर जॉब: दुकानाच्या मागच्या खोलीतल्या या चुका टाळा

गल्ल्यावर उभं राहणं, फळीवर डबे लावणं यात सोळा-सतराच्या पोरांचं सहसा काही अडत नाही. घोळ होतो तो मागच्या खोलीत, यंत्रापाशी.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘चालवायचं कुठे आहे, फक्त धुवायचंच तर आहे!’ 1938 च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट या फेडरल (म्हणजे केंद्रीय) कामगार कायद्याखाली शेतीबाहेरच्या धोकादायक कामांचे 17 आदेश आहेत आणि ती कामं 18 वर्षं पूर्ण होईपर्यंत बंद. मीट स्लायसर, म्हणजे मांसाचे पातळ काप करणारं यंत्र, त्यातच येतो. तो चालवणं बंद, पुसणं बंद, पातं सुटं करून सिंकमध्ये दिलं तरी ते धुणंही बंद. शाकाहारी मंडळी आणखी एका ठिकाणी फसतात: त्याच स्लायसरवर नुसतं चीज किंवा कांदा कापला तरी नियम तोच. यंत्र कुठलं ते बघतात, वर काय ठेवलंय ते नाही. वाढदिवस शनिवारी असेल तर शुक्रवारच्या शिफ्टलाही स्लायसर नाही.

कणीक मळायचा मोठा उभा मिक्सरही असाच वर्ज्य. काउंटरवरचा घरगुती छोटा मिक्सर चालतो. पुठ्ठे दाबणाऱ्या बेलरमध्ये 16-17 वर्षांची मुलं खोके टाकू शकतात, तेही यंत्र ठरलेल्या सुरक्षा मानकात बसत असेल आणि तसा फलक लावलेला असेल तरच. बटण दाबणं आणि गठ्ठा बाहेर काढणं मोठ्यांनीच करायचं.

‘दुकान आपलंच आहे की!’ हा दुसरा गैरसमज. दुकान पूर्णपणे आईवडिलांच्या मालकीचं असेल तर फेडरल कायदा वयात आणि तासांत सूट देतो, पण या 17 कामांत नाही. काकांची भागीदारी असली की तीही सूट गेली. आईबाबांनी संमतीची चिठ्ठी लिहून दिली म्हणून स्लायसर कायदेशीर होत नाही.

लायसन्स मिळालं म्हणून डिलिव्हरीला पाठवणं हीसुद्धा चूकच. 16 वर्षांच्या मुलाने कामासाठी सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवायचीच नाही. सतराव्या वर्षी थोडी मुभा आहे, दिवसाउजेडी आणि अधूनमधून. गरम पिझ्झा घेऊन धावणं त्यात बसत नाही.

फेडरल नियम वाचून थांबू नका. राज्याचा नियम कडक असेल तर तोच लागू. 16-17 वर्षांच्या मुलांच्या तासांवर फेडरल मर्यादा नाही, पण वॉशिंग्टन राज्यात शाळेच्या दिवसांत आठवड्याला साधारण 20 तासच. शिवाय तिथे सेवाक्षेत्रातल्या कामात रात्री 8 नंतर जागेवर मोठं माणूस नसेल तर मुलाला एकट्याने काम करता येत नाही.

(आणि मूल फक्त एच-4 व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या पालकावर अवलंबून म्हणून मिळालेल्या व्हिसावर, असेल तर मुळात पगारी कामाची परवानगीच नसते. बाकी सगळं त्यानंतर.)

चूक आधीच होत असेल तर? दुकानदाराने शिफ्टच्या तक्त्यात नावापुढे जन्मतारीख लिहावी, यंत्रावर ‘18 खालील कोणीही हात लावू नये’ असं चिकटवावं. मुलाने ‘माझं वय बसत नाही, दुसरं काम द्या’ असं सरळ सांगावं. मॅनेजर ऐकत नसेल तर कामगार खात्याच्या वेज अँड अवर विभागाचा क्रमांक 1-866-487-9243. तक्रार केली म्हणून कामावरून काढणं हाही कायद्याचा भंगच.