जुन्या ४८६ पीसीवर जादा पोर्टचं कार्ड बसवलं की माऊस गोठतो (माझा अनुभव)

लक्षण असं: आयएसए (जुन्या पीसीतला स्लॉट) मल्टी-आयओ कार्ड (जादा पोर्ट, फ्लॉपी, हार्डडिस्क जोडायचं) बसवून त्याच्या कॉम३ या सीरियल पोर्टला निपाणीच्या तंबाखू वखारीतला वजनकाटा जोडला. काट्यावरून आकडा आला की कॉम१ वरचा माऊस जागच्या जागी थिजतो.

केबल बदलली, स्लॉट बदलला, कार्डाच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरनं घासल्या (आमच्या बेळगावच्या पावसात ते एरवीही करावंच लागतं). तीन रविवार पाण्यात गेले.

मूळ दुखणं: कॉम१ आणि कॉम३, दोघांचाही आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायची लाइन) ठरलेला, ४. आयएसएवर एक आयआरक्यू दोघांत वाटून चालत नाही.

मशीन बंद करून वायर काढा. नव्या कार्डावरचे फ्लॉपी आणि आयडीईचे (हार्डडिस्कचे) जंपर (पिनांवरच्या छोट्या टोप्या) आधी बंद करा, नाहीतर जुन्या कंट्रोलरशी भांडण. कॉम३ चा पत्ता ३ई८ च ठेवा, आयआरक्यूचा जंपर ४ वरून ५ वर. साऊंड कार्ड ५ वर असेल तर ते ७ वर न्या. एलपीटी२ ला (दुसरा प्रिंटर पोर्ट) २७८ हा पत्ता द्या आणि त्याचा आयआरक्यू जंपर काढूनच टाका. डॉसमधून छापायला तो लागत नाही. कॉम४ बंदच बरा, त्याचा २ई८ हा पत्ता काही एस३ व्हिडिओ कार्डांशी टक्कर घेतो.

कार्डापासून पोर्टच्या सॉकेटपर्यंत जाणाऱ्या दहा पिनांच्या रिबन केबलची जोडणी दोन तऱ्हांची असते. कार्डासोबत आलेलीच वापरा.

मग डॉसच्या डीबग प्रोग्रामात 'डी ४०:०' टाका. पहिल्या ओळीत 'ई८ ०३' (३ई८ हाच पत्ता, उलट्या क्रमानं) दिसलं पाहिजे. नसेल तर 'ई ४०:४ ई८ ०३', दर बूटला. विंडोज ३.१ असेल तर कंट्रोल पॅनलच्या पोर्ट्समध्ये कॉम३ ला आयआरक्यू ५ भरा. काट्याच्या प्रोग्रामातही तोच आकडा.