वनस्पतीचा अर्क जंतांवर तपासताना

अर्कात ठेवलेले जंत मरतात, पण ते नेमके कशाने मेले हे सांगता येत नाही, अशी वेळ या कामात वारंवार येते. ती टाळण्याची तयारी वनस्पती गोळा करण्यापासूनच करावी लागते. वनस्पतीशास्त्राच्या जाणकाराकडून ओळख पक्की करून घ्यावी, फुला-फळांसह एक नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जमा करावा आणि मूळ, साल, पान यांपैकी कोणता भाग कोणत्या महिन्यात घेतला हे नोंदवावे, कारण ऋतूनुसार घटकांचे प्रमाण बदलते. नंतर तो भाग सावलीत सुकवून त्याची भरड पूड करावी.

अर्क काढण्याची रीत हा या कामाचा कणा आहे. चिनी संशोधक तू यूयू यांच्या गटाला आर्टेमिसिया अॅन्युआ या वनस्पतीच्या अर्काचे हिवतापावर येणारे निकाल सुरुवातीला बेभरवशाचे वाटत होते. चौथ्या शतकातील गे होंग यांच्या ग्रंथात ही वनस्पती उकळण्याऐवजी पाण्यात भिजवून तिचा रस पिळून काढण्यास सांगितले आहे, हे तू यूयू यांच्या ध्यानात आले, आणि उष्णतेने औषधी घटक नष्ट होत असावा असा तर्क करून त्यांनी १९७१ साली सुमारे ३५ अंश सेल्सियसलाच उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला. तो गुणकारी ठरला आणि पुढच्याच वर्षी त्यातून आर्टेमिसिनीन हा औषधी घटक वेगळा करण्यात आला. म्हणून एकाच काढ्यावर विसंबू नये. त्याच पुडीचे हेक्झेन, इथाइल अॅसिटेट, मिथेनॉल आणि पाणी या द्रावकांनी अशाच क्रमाने अर्क काढावेत, द्रावक कमी दाबाखाली, शक्यतो ४० अंशांच्या आत उडवावा आणि उरलेल्या अर्काचे वजन टिपून ठेवावे.

जठर-आतड्यातील जंतांसाठी अंड्यांची चाचणी मला सर्वांत भरवशाची वाटते. मेंढीतील हिमाँकस कंटॉर्टस या जंताची अंडी ताज्या लेंड्यांतून मिठाच्या संपृक्त द्रावणावर तरंगवून वेगळी करतात आणि लगेच स्वच्छ पाण्याने धुतात. लेंड्या गोळा केल्यापासून साधारण तीन तासांच्या आत चाचणी लावावी, कारण अंड्यात अळी घडू लागली की तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या बेंझिमिडाझोल गटाच्या जंतनाशकांचा परिणाम घटतो आणि मग तुलनाच बिघडते. चाचणीच्या तबकडीतील प्रत्येक खळग्यात सुमारे १०० अंडी आणि चढत्या मात्रांचा अर्क घालून ती २५ ते २७ अंशांवर ४८ तास ठेवावीत. आयोडीनचा थेंब टाकला की सगळे जागच्या जागी थांबते. मग सूक्ष्मदर्शकाखाली अंडी आणि अळ्या वेगवेगळ्या मोजाव्यात.

याच्या जोडीला तीन खळगे हवेतच: एकात नुसते पाणी, दुसऱ्यात अर्क विरघळवायला वापरलेले द्रावक तेवढ्याच प्रमाणात, तिसऱ्यात थायाबेंडाझोल हे बेंझिमिडाझोल गटातले औषध. डायमिथाइल सल्फॉक्साइड हे द्रावक वापरत असाल तर ते शेवटच्या द्रावणात एक टक्क्याच्या आत ठेवावे. नुसत्या पाण्यातच बरीच अंडी अळी न निघता राहिली असतील तर ती खेप बाद करावी. असे आकडे सावरून वापरण्याचा मोह प्रामाणिक माणसालाही होतो.

अर्क परिणामकारक दिसला तरी त्याचे कारण टॅनिन, म्हणजे वनस्पतींतला तुरट घटक, असू शकते. टॅनिन अनेक प्रथिनांना चिकटते, त्यामुळे त्याचा परिणाम खरा असला तरी तो एखाद्या नेमक्या औषधी रेणूचा पुरावा ठरत नाही. टॅनिन धरून ठेवणाऱ्या पॉलिव्हिनिलपॉलिपायरोलिडोन या पदार्थाने ते काढून चाचणी पुन्हा लावावी. त्यानंतर तोच अर्क सस्तन प्राण्यांच्या पेशींवर तपासावा. निम्म्या पेशी मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम मात्रेने मरत असतील आणि निम्म्या परजीवींना ५ मायक्रोग्रॅम पुरत असतील, तर त्यांचे गुणोत्तर २० येते. ते १० च्या खाली असल्यास अर्क परजीवीला मारतो की सरसकट सगळ्याच पेशींना, ही शंका कायम राहते.

या टप्प्यावरचा अर्क कोणालाही औषध म्हणून देऊ नये. आर्टेमिसियासारख्या सिद्ध वनस्पतीचाही चहा किंवा पानांची पूड हिवतापावर वापरण्याला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता नाही, कारण त्यात आर्टेमिसिनीनचे प्रमाण अनिश्चित आणि अनेकदा अपुरे असते आणि अपुऱ्या मात्रेमुळे परजीवी औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो.

पुढे अर्काचे भाग पाडून प्रत्येक भागाची तीच चाचणी घेत जावे, आणि मूळ अर्काचा थोडा हिस्सा उणे २० अंशांवर राखून ठेवावा. भाग पाडल्यावर गुण हरवला तर वेगळे केलेले भाग मूळ प्रमाणात पुन्हा एकत्र करून या राखलेल्या अर्काशी ताडून पाहावेत: गुण परत आला तर तो अनेक घटकांचा मिळून होता, न आल्यास वाटेत काहीतरी नष्ट झाले किंवा भाग पाडण्यासाठी अर्क ज्यातून सोडतात त्या स्तंभातच (नळीत) अडकून राहिले.