घराचं काम काढताय? आधी एक खोली राखून ठेवा

घरात राहूनच घराचं काम काढायचं असेल, तर ठेकेदाराशी भाव ठरवण्याआधी आपली खोली कोणती ते ठरवा. काम संपेपर्यंत त्या खोलीत मिस्त्री येणार नाही, सिमेंटचं पोतं येणार नाही, "काकू, शिडी एवढी रात्रभर ठेवू द्या" हेही चालणार नाही. नागपुरातल्या नंदनवनच्या आमच्या घरात सासूबाईंना दमा आहे आणि माझं शिवणकाम घरूनच चालतं. लोकांच्या लग्नाचे ब्लाउज माझ्याकडे असतात, त्यांवर पुट्टीचा हात उमटलेला कोणाला चालेल? त्यामुळे आमच्याकडे खोली आधी ठरली आणि टाइल्सचा रंग नंतर.

खोली निवडताना मोठी कोणती ते बघू नका. जिला लागून संडास-बाथरूम आहे आणि जिथून मलब्यातून न जाता बाहेर पडता येतं, ती घ्या. झोपायचं सामान, औषधं, कागदपत्रं, देव, एक टेबल, पाण्याचा माठ एवढं तिच्यात मावलं की पुरे. बाकीचं सामान फळवाल्याकडून आणलेल्या संत्र्याच्या खोक्यांत भरा आणि आत काय आहे ते खोक्याच्या चारही बाजूंना लिहा, कारण रचल्यावर कोणती बाजू समोर येईल सांगता येत नाही.

हवामानाचा विचार करूनच तारीख धरा. नागपुरात दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत आटपणं सगळ्यात बरं. मे महिन्यात पारा 45 वर गेला की प्लास्टरमधलं पाणी भराभर उडतं आणि केसाएवढ्या भेगा पडतात. सिमेंटच्या कामावर किमान 7 दिवस पाणी मारायचं असतं, पोतं पीपीसीचं, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटचं असेल तर 10 दिवस धरा. भर उन्हाळ्यात एवढं पाणी आणायचं कुठून? पावसाळ्यात भिंती सुकत नाहीत आणि खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, म्हणजे धूळ घरातच कोंडते.

ठेकेदार म्हणेल, सगळं घर एकदम फोडू, लवकर होईल. त्याच्या सोयीने ते खरंच आहे. पण तुम्हाला तिथे राहायचं आहे. घराचे दोन भाग करा. एका भागाची तोडफोड, वायरिंगच्या झिऱ्या, नळाचं काम, प्लास्टर आणि फरशी पूर्ण झाली की तिकडे राहायला जा आणि मग दुसरा भाग फोडू द्या. दोनदा माणसं आणावी लागतात म्हणून थोडे पैसे जास्त मागतील, ते द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. टाइल्स मात्र दोन्ही भागांच्या एकदमच घ्या आणि खोक्यांवरचा बॅच नंबर जुळवून बघा. त्याच डिझाइनची पुढची बॅच रंगाला थोडी वेगळी निघू शकते.

जुनी फरशी घट्ट बसलेली असेल तर ती फोडूच नका. नाण्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तेवढ्याच टाइल्स काढून भरून घ्या आणि वरून अ‍ॅडहेसिव्हने नवी फरशी बसवा. जमीन साधारण अर्धा इंच वर येते, दारं खालून रंधावी लागतात, पण तोडफोडीची धूळ आणि मलबा दोन्ही वाचतं. बाथरूममध्ये हे करू नका. तिथे जुनं सगळं काढून वॉटरप्रूफिंग करायचं, मग 48 तास पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या छताला, शेजारच्या भिंतीला ओल येते का ते बघूनच टाइल्स लावू द्यायच्या. दोन बाथरूम असतील तर एक पूर्ण वापरात आल्याशिवाय दुसऱ्याला हातोडा लावू देऊ नका.

आता धूळ. तिच्याशी झगडण्यात खरा जीव जातो, म्हणून हे नीट सांगते. राखलेल्या खोलीच्या दाराला चौकटीच्या वरून जाड प्लास्टिकचे दोन पडदे लावा, एक डाव्या कडेला चिकटवलेला, एक उजव्या, मध्ये वीतभर एकमेकांवर चढलेले. त्या फटीतून जा-ये करायची. कडा मास्किंग टेपने चिकटवा, खाकी टेप काढताना रंगाचे पापुद्रे घेऊन निघते. प्लास्टिक खाली चार बोटं जमिनीवर लोळू द्या आणि त्यावर ओल्या बारदान्याची गुंडाळी ठेवा. गुंडाळी दुपारी वाळते, तेव्हा पुन्हा भिजवायची. पडद्याच्या बाहेर एक ओलं पायपुसणं आणि बाहेरच्या चपला, आत वेगळ्या चपला. शिलाई मशीनवर आधी प्लास्टिक आणि वरून जुनी सुती साडी टाकते मी, म्हणजे प्लास्टिक उडत नाही.

काम चालू असलेल्या खोलीच्या खिडकीत एक पंखा बाहेर तोंड करून लावा आणि आपल्या खोलीची दुसऱ्या बाजूची खिडकी बोटभर उघडी ठेवा. मग हवा आपल्याकडून कामाकडे वाहते, धूळ उलटी येत नाही. उन्हाळ्यात काम काढावंच लागलं, तर आपल्या खोलीचा कूलर हेच काम करतो, तो बाहेरची हवा आत ढकलत असतो. फक्त त्याची पाठ रेतीच्या ढिगाकडे नको, नाहीतर खसाच्या जाळ्या तीच रेती ओढून घेतील. कामाच्या खोलीतला एसी बंद ठेवून प्लास्टिकने पूर्ण झाका.

टाइल कापायचं कटर घरात चालू द्यायचं नाही. गच्चीवर किंवा अंगणात, आणि पाणी सोडून. कोरडी टाइल कापली की सिलिकाची जी बारीक धूळ उडते ती थेट फुप्फुसात खोलवर जाते, कापणाऱ्याच्याही. मिस्त्रीला एन-95 मास्क आणून द्या, रुमाल बांधून भागत नाही. आमचा मिस्त्री पहिल्या दिवशी म्हणाला, "काकू, एकच तुकडा आहे, इथंच कापतो ना." मी म्हटलं, "भाऊ, आतल्या खोलीत म्हातारं माणूस आहे." त्यानंतर तो स्वतःहून वर जाऊ लागला. घरच्या माणसाचं नाव घेऊन सांगितलं की कामगार ऐकतात.

संध्याकाळी शेवटचा अर्धा तास सफाईचा, हे भाव ठरवतानाच बोलून ठेवा. कोरड्या झाडूने झाडलं की धूळ उठते आणि रात्रभर बसत राहते. आरा मशीनवरून लाकडाचा भुसा आणा, ओलसर करून जमिनीवर पसरा आणि मग झाडा, धूळ भुशाला चिकटून येते. मलबा पोत्यांत भरून ठेवा. नालीत किंवा रस्त्यावर टाकायला नियमांनी मनाई आहे. तो उचलून कुठे न्यायचा ते महापालिकेच्या झोन कार्यालयात आधीच विचारून घ्या.

जुन्या दार-खिडक्यांचा ऑइलपेंट कोरडा घासू देऊ नका. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं. पाणी लावून पॉलिश पेपर मारायचा आणि लहान मुलं, गरोदर बाई तिथून दूर ठेवायची.

स्वयंपाकघर बंद असेल तेव्हा मागच्या पडवीत ओटा मांडा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून बंद खोलीत सिलिंडर नको. इंडक्शन वापरणार असाल तर 2000 वॅटला 16 अ‍ॅम्पिअरचा सॉकेट लागतो, एक्स्टेन्शनवर चालवू नका. मिस्त्री यायच्या आत दोन्ही वेळचं करून झाकून ठेवायचं: खिचडी, झुणका, भाकरी. थकलेल्या दिवशी खानावळीचा डबा सांगावा, त्यात कमीपणा काही नाही.

कामगारांच्या कटर-ड्रिलसाठी मीटरजवळून वेगळी लाइन आणि त्यावर 30 मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन लगेच तोडणारा स्विच, लावून घ्या. ओल्या जमिनीवर अनवाणी माणसं काम करतात, त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. रेजा बायकांसाठी संडास कोणता ते पहिल्या दिवशीच दाखवून द्या, त्या स्वतःहून विचारत नाहीत आणि दिवसभर पाणी पीत नाहीत.

पाणी मारायला भरलेले ड्रम झाका आणि आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करून घासा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. दिवाळीच्या सुमाराला तर हे विसरूच नका.

काम संपल्यावर धुणं-पुसणं वरून खाली: आधी पंखे, मग सज्जे, मग भिंती, शेवटी फरशी. पडदे त्यानंतरच लावा. गच्चीवरची टाकी उपसून धुवा आणि प्रत्येक नळाच्या तोंडाची जाळी काढून पाणी थोडा वेळ मोकळं सोडा. जाळीत रेतीचे कण अडकलेले असतात, धार बारीक येते आणि लोक नव्या नळाला दोष देतात. गिझर हे सगळं झाल्यावरच सुरू करा.